आधी पाणी बघा, मग गाडी काढा: कॅम्पर व्हॅनने कोकणचा किनारा चालताना

कॅम्पर व्हॅन घेऊन कोकणात निघताना बहुतेक जण किलोमीटरचा हिशेब मांडतात. आज श्रीवर्धन, उद्या गुहागर, परवा मालवण. किनाऱ्यावर हा हिशेब टिकत नाही, कारण तिथे वेळ पाण्याच्या हातात असते. सकाळी सातला ज्या खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाळ किनाऱ्यावर, खेकडे बघत फिरता येतं, तोच खडप दुपारी एकला पाण्याखाली असतो. खाडीच्या मुखाशी घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडे गेलेला माणूस तीन तासांनी त्याच वाटेने परत येऊ शकत नाही. दाभोळच्या जेट्टीवर भरतीला अलगद चढणारी व्हॅन पूर्ण ओहोटीला मागून घासते. म्हणून रोजचा बेत आखताना आधी भरती-ओहोटीच्या वेळा लिहा, चालण्याच्या वेळा त्यांच्याभोवती बसवा आणि गाडी हलवायचं सगळ्यात शेवटी ठरवा.

तिथीवरून पाणी ओळखणं

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. ओहोटी तिच्या आगेमागे सव्वासहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत एकच हिशेब चालतो. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.

हा अंदाज तासाभराने चुकू शकतो. पौर्णिमा-अमावास्येला गणित सव्वाअकरा सांगतं, पण मुंबईच्या बाजूला भरती बाराच्या पुढे येते. शिवाय भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्याने मालवणात पाणी मुंबईच्या साधारण तासभर आधी चढतं. त्यामुळे मुंबईची वेळ वाचून मालवणच्या खडपावर उतरू नका. जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता मोबाइलवर उतरवून ठेवा, कारण अनेक घळींत आणि छोट्या पुळणींवर (वाळूच्या किनाऱ्यांवर) रेंज मिळत नाही. तिथीचा हिशेब मात्र डोक्यात असू द्या. मोबाइल बंद पडला तरी तो कामाला येतो.

पाणी किती चढेल हेही महत्त्वाचं. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे दोन दिवस उधाणाचे, तर अष्टमी-नवमीच्या आसपासचे भांगाचे. मुंबई-अलिबागकडे उधाणाला ओहोटी-भरतीत साडेतीन-चार मीटरांचा फरक पडतो, भांगाला जेमतेम दीड मीटर. सिंधुदुर्गात उधाणालाही फरक दोन मीटरच्या आसपास असतो. उधाणाची भरती जितकी वर येते तितकीच ओहोटीही खोल उतरते, म्हणून खडपातले डोह आणि त्यातले जीव बघायला उधाणाचेच दिवस चांगले. या दिवसांत उत्तर कोकणात ओहोटी सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान येते. ऊन नाही, वारा पडलेला, पाणी लांब गेलेलं. दक्षिणेत ती तासभर आधी, अंधारातच येते, म्हणून मालवण-वेंगुर्ल्याकडे पौर्णिमेपेक्षा द्वितीया-तृतीया सोयीची. भांगाच्या दिवसांत ओहोटी भर दुपारी येते आणि पाणीही फारसं उतरत नाही. ते दिवस गाडी हलवायला, सड्यावर (किनाऱ्यावरच्या कातळाच्या पठारावर) फिरायला किंवा सरळ पुळण चालायला ठेवा.

आठ दिवसांची सहल असेल तर पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी किनाऱ्याला लागा. पहिले चार दिवस खडपाचे, पुढचे चार पुळण आणि सड्याचे. महिन्यांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च ते मे सकाळी नऊनंतर चालवत नाही. जून ते सप्टेंबर खडपावर आणि पुळणीच्या पाण्याकडच्या भागात उतरूच नये. तेव्हा फिरायचं ते वरून, सड्यावरून.

पाणी कुठल्या वेगाने चढतं

भरती एकसारख्या वेगाने येत नाही. सहा तासांत पाण्याची उंची साधारण १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्श्यांनी वाढते. फरक २.४ मीटर असेल तर पहिल्या तासात २० सेंटीमीटर, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात आणि चौथ्यात ६०-६०, मग पुन्हा ४० आणि २०. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. सपाट पुळणीला ५० मीटरमागे एक मीटर उतार धरला, तर ६० सेंटीमीटर उंची म्हणजे तासात ३० मीटर वाळू गेली. ओहोटीनंतरचा पहिला तास माणसाला फसवतो तो यामुळे. पाणी जागचं हललंच नाही असं वाटतं, आणि त्याच भरवशावर माणूस पुढचं टोक गाठायला निघतो.

खडपासाठी नेम असा ठेवा: पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरायचं, ओहोटीच्या क्षणी जिथे असाल तिथून मागे फिरायचं, आणि ओहोटीनंतर तासाभरात वर यायचं. मोबाइलवर गजर परतीच्या वेळेचा लावा, ओहोटीच्या वेळेचा नव्हे.

तक्ता फक्त पाण्याची पातळी सांगतो, लाट सांगत नाही. दूर समुद्रात उठलेली लाट दोन दिवसांनी निरभ्र आकाशाखाली किनाऱ्यावर येऊन आदळते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा आणि उधाणाचा इशारा देते, तो निघण्याआधी बघा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे खडपावर पाय ठेवण्याआधी पंधरा मिनिटं उभं राहून पाणी बघणं. मोठ्या लाटा चार-सहाच्या गटाने येतात आणि मध्ये बराच वेळ शांत जातो. दोन मिनिटं बघून निर्णय घेतला तर तो शांत वेळच नजरेस पडतो. सगळ्यात मोठ्या लाटेने खडक जिथपर्यंत भिजवला, ती रेघ डोळ्यांत ठेवा आणि तिच्या वरच राहा.

खडपात पाय कुठे टाकायचा

रंग बघून पाय टाका. हिरवं-काळं बुळबुळीत शेवाळ म्हणजे घसरण, तिथे अजिबात नाही. पांढरट, खरखरीत बार्नॅकलचा (खडकाला चिकटणाऱ्या बारीक कवचाच्या जिवांचा) थर पकड देतो. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, त्यामुळे चप्पल आणि अनवाणी पाय दोन्ही बाद. पुढून बंद, खोल खाचांच्या रबरी तळाचे जुने कॅनव्हास बूट सगळ्यात बरे. ते भिजणारच, म्हणून व्हॅनमध्ये बाहेरच्या बाजूला अडकवायला एक हूक ठेवा. कालवाने कापलं तर गोड्या पाण्याने आणि साबणाने पाच मिनिटं धुऊन, आतले कवचाचे कण काढून मग बेटाडिन लावा. तसंच बांधलं तर जखम चिघळते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं.

डोहात बघायला पुष्कळ असतं: समुद्रफुलं, शंखात घर केलेले खेकडे, खाजणाच्या कडेला उड्या मारणारे निवटे, नशीब असेल तर लहान ऑक्टोपस. डोहाच्या कडेला बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि तीन-चार मिनिटं हलू नका, म्हणजे दडलेलं सगळं बाहेर येतं. दगड उचलला तर त्याच बाजूने, होता तसाच परत ठेवा. त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात तासाभरात मरतात. नक्षीदार शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असेल तर हातात घेऊ नका. कोनशंखाला विषारी दात असतो आणि तो शंखाच्या निमुळत्या टोकाकडून बाहेर येतो. वाळूवर पडलेला समुद्रसाप मेलेला वाटला तरी हात लावायचा नाही.

घरी नेण्यासाठी गोळा करायचा मोह आवरा. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, काही शंखही येतात. मालवणचा समुद्र तर १९८७पासून सागरी अभयारण्य आहे.

पुळण, ओढ आणि खाडीचं मुख

पुळणीवर चालायची जागा म्हणजे भरतीच्या रेषेखालचा ओला, घट्ट पट्टा. वरच्या कोरड्या वाळूत त्याच अंतराला दीडपट दम लागतो आणि पोटऱ्या भरतात. जाताना वारा तोंडावर घ्या. दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून जोरात येतो. परतताना तो पाठीशी असलेला बरा.

पाण्यात उतरणार असाल तर लाटा फुटत नाहीत अशी शांत, गडद पट्टी टाळा. नवख्याला तीच सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर चढलेलं पाणी तिथूनच परत समुद्रात जातं, आणि ओढ तिथे असते. गणपतीपुळ्याला दरवर्षी माणसं यात सापडतात. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत लाटा फुटणाऱ्या भागात या, मग लाटेबरोबर बाहेर.

खाडीच्या किंवा व्हाळाच्या (ओढ्याच्या) मुखाशी दोन धोके. एक, भरतीचं पाणी पुळणीपेक्षा तिथे लवकर आणि जोरात आत शिरतं. दोन, गाळमिश्रित वाळूत पाय रुततो. ओलांडायचं असेल तर ओहोटीच्या आधीच ओलांडा, काठीने पुढची जमीन चाचपा आणि परत कधी फिरायचं हे पलीकडे जाण्याआधी ठरवा. पाय रुतलाच तर ओढू नका. मागे बसा, वजन पसरू द्या आणि पाय हळूहळू हलवत सोडवा. पाण्यातून चालताना पाऊल उचलून न टाकता वाळूवर घासत न्या, म्हणजे वाळूत लपलेलं पाकट (विषारी काट्याचा चपटा मासा) बाजूला होतं. पाय थेट त्याच्यावर पडला तर शेपटीचा काटा घोट्यात बसतो.

मच्छीमार रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर दोरावरून उडी मारून जाऊ नका. मागून वळसा घाला, किंवा दोराला हात लावू का असं विचारा. होड्या वाळूवर ओढायची वाट ठरलेली असते. तिथे गाडी उभी केली तर पहाटे चारला दार वाजणार.

जंगल जेट्टी: व्हॅनची खरी परीक्षा

रायगड-रत्नागिरीच्या खाड्या गाडीसकट फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात, तिलाच इथे जंगल जेट्टी म्हणतात. राजपुरी खाडीवर आगरदांडा-दिघी, सावित्रीवर बागमांडला-वेशवी, वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे, शास्त्रीवर तवसाळ-जयगड. दाभोळ-धोपावेची सेवा २००३ साली सुरू झाली आणि दापोलीहून गुहागरला जाणाऱ्याचा चिपळूणचा वळसा वाचला. मुंबईतून निघणाऱ्यांना भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोही आहे.

लहान गाडीला या जेट्ट्या काहीच वाटत नाहीत. मागच्या चाकामागे मीटर-दीड मीटर लांब शरीर असलेल्या व्हॅनला वाटतात. ओहोटीला बोट खाली बसते, धक्क्याचा उतार तीव्र होतो, आणि बोटीची फळी जिथे धक्क्याला टेकते त्या कोनात व्हॅनचा मागचा बंपर किंवा खालचा सांडपाण्याचा नळ घासतो. हा नळ तुटणं हा कॅम्परचा नेहमीचा अपघात आहे. म्हणून अर्धी भरती ते अर्धी ओहोटी या वेळात खाडी ओलांडा. सांडपाण्याची टाकी आधी रिकामी करा, मागची सायकल किंवा शिडी काढून ठेवा. बोटीवरच्या माणसाला गाडीची लांबी आणि वजन आधीच सांगा. बोटीचा तोल सांभाळून कुठली गाडी कुठे लावायची ते तोच ठरवतो. माणसं खाली उतरवून पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर न खेळता, सरळ रेषेत चढा. उतारावर तिरकं चढलं की एक चाक उचललं जातं. बोटीवर हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, गॅसचा कॉक बंद. शनिवार-रविवारी आणि गणपती, दिवाळी, मे महिन्यात रांग लागते, तेव्हा सकाळची पहिली किंवा दुसरी फेरी धरा.

गावातल्या वाटा हा दुसरा अडसर. दिवेआगर, आंजर्ले, गुहागर, देवबाग इथे दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे (कुंपणाच्या भिंती) आणि वर झावळ्या, विजेच्या तारा. छतावरच्या एसीसकट गाडीची उंची आणि आरशांसकट रुंदी मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. शंका आली की एकाने उतरून पुढे चालत जायचं आणि वळण बघून यायचं. देवबागसारख्या चिंचोळ्या पट्टीत तर व्हॅन तारकर्लीलाच ठेवून पायी जाणं शहाणपणाचं.

रात्रीचा मुक्काम

महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण किनाऱ्यावर तयार कॅराव्हॅन तळाच्या भरवशावर निघू नका. एमटीडीसीची हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथली निवासं, देवस्थानांचे भक्तनिवास आणि घरगुती निवासाची अंगणं हे खरे मुक्काम. फोन करून तीन गोष्टी विचारा: गाडी आत वळेल का, १६ अँपिअरचा सॉकेट मिळेल का, संडास रिकामा करायला सेप्टिक टँक आहे का.

उघड्या किनाऱ्यावर न सांगता झोपणं टाळा. १९९३ साली श्रीवर्धनजवळ शेखाडीला स्फोटकं उतरवली गेली, तेव्हापासून या किनाऱ्यावर रात्री थांबलेल्या अनोळखी गाडीकडे संशयानेच पाहिलं जातं. सागरी पोलीस गस्त घालतात. सरपंच किंवा पोलीस पाटलाला भेटून किती जण आहात आणि कधी निघणार ते सांगा, ओळखपत्रं हाताशी ठेवा. याचा फायदा तुम्हालाही होतो. चालायला गेलेला माणूस वेळेत परतला नाही हे गावात कुणाला तरी कळतं.

गाडी माडाखाली लावू नका. नारळ पडतो, त्याहून जास्त वेळा वाळकी झावळी पडते, आणि दोन्ही सोलर पॅनेल फोडायला पुरेशा. सुरूच्या बनात कडेची जमीन वरून घट्ट दिसते, खाली भुसभुशीत वाळू असते. आधी टाच मारून बघा. टाच दोन बोटांपेक्षा जास्त रुतली तर तिथे चार टनांची गाडी न्यायची नाही. तोंड रस्त्याकडे करून लावा. सरकतं दार पूर्वेला आलं तर दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबरची वाळू आत येत नाही, आणि रात्री जमिनीकडून येणारा मतलई वारा आत खेळतो.

पुळणीवर गाडी घालायची नाहीच. गोव्यात त्यावर थेट कारवाई होते. नोव्हेंबर ते मार्च कासवं जिथे अंडी घालतात त्या वाळूवर चाकं गेली तर घरटी दबतात. तरीही कडेला चाक रुतलं तर एक्सिलरेटर दाबू नका, गाडी एक्सलपर्यंत बसेल. माणसं आणि पाणी उतरवा, चाकांपुढची वाळू उतार करून काढा, टायरमधली हवा नेहमीच्या दोन-तृतीयांशावर आणा, चाकाखाली गोणपाट किंवा झावळ्या आडव्या घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश निघा. घट्ट रस्त्यावर आल्यावर १२ व्होल्टच्या पंपाने हवा लगेच भरा. कमी हवेवर वेगाने पळवलं की टायर तापून फाटतो.

काही वाटा

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा पूर्ण ओहोटीच्या आसपासच करायची. देवळामागून चढून दोन कड्यांमधल्या अरुंद पायऱ्यांनी खाली समुद्रावर उतरता येतं. पुढे मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेले खडक लागतात. तासाभराची वाट, पण फोटोसाठी थांबत तिचे दोन तास होतात, आणि इथेच लाटेने माणसं ओढून नेली आहेत. देवस्थानाने वाट बंद ठेवली असेल तर वाद न घालता परत फिरा. व्हॅन निवासाच्या आवारात ठेवून पायीच या.

हेदवीची बामणघळ याच्या उलट. ती बघायची भरतीच्या शेवटच्या दोन तासांत. उमामहेश्वराच्या देवळाजवळच्या खडकाला पडलेल्या अरुंद चिरेत लाट शिरते, हवा कोंडते आणि पाणी स्फोटासारखं वर उडतं. उधाणाच्या दिवशी हा आवाज लांबून ऐकू येतो. चिरेच्या कडेला जायचं नाही, खडक जिथे कोरडा आहे तिथूनच बघायचं.

वेळास आणि आंजर्ल्याला कासवांच्या पिल्लांसाठी फेब्रुवारी ते एप्रिल जा. वेळासला २००६पासून कासव महोत्सव भरतो. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्राकडे सोडतात. ती उजळ क्षितिजाकडे धावतात, त्यामुळे व्हॅनचे दिवे, मंडपाखालचा बल्ब, मोबाइलची बॅटरी, सगळं किनाऱ्यावरून दिसणार नाही असं बंद ठेवा. दोरीच्या मागेच उभे राहा. आपल्या पावलाच्या खड्ड्यात पडलेलं पिल्लू स्वतःहून बाहेर येत नाही.

गुहागरची पुळण सहाएक किलोमीटर सरळ आहे, भांगाच्या दिवसांत पहाटे चालायला याहून चांगली जागा नाही. हर्णैला दुपारनंतर बंदरावर मासळीचा लिलाव असतो. बघायचा असेल तर व्हॅन बंदरात न नेता वर गावात ठेवा.

रत्नागिरीच्या दक्षिणेला सड्यावरची वाट निवडा. कशेळीला कनकादित्याचं देऊळ, खाली देवघळीची लहानशी पुळण आणि वर जांभ्याच्या सड्यावर कोरलेलं भलंमोठं हत्तीचं कातळशिल्प, ज्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सकाळी आठच्या आधी किंवा चारनंतर जा, तेव्हा तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात. रेषा दिसाव्यात म्हणून खडू भरू नका, त्यांच्यावर पाय देऊ नका. सड्यावर सावली नसते, माणशी तासाला अर्धा लिटर पाणी धरा. फुरसं हा साप याच जांभ्यावर राहतो. दगड उलटू नका, गडग्यावर न बघता हात टेकू नका, संध्याकाळी बॅटरीशिवाय चालू नका. चावलाच तर बांधणं-कापणं काही न करता, पाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा. सड्याच्या समुद्राकडच्या कडेपासून पाच पावलं मागे राहा. खालून लाटा पोखरतात आणि वरचा जांभा पुढे लोंबत राहतो, हे वरून कळत नाही. हापूसच्या बागांतून आडवाट काढायची नाही. गावाची पाखाडी (दगडी पायवाट) विचारा, ती बहुतेक वेळा जवळचीच निघते.

मालवणचं रॉक गार्डन उधाणाच्या ओहोटीला, तर तारकर्लीहून कर्ली नदीच्या संगमापर्यंतची पुळण कुठल्याही सकाळी.

डंख आणि डांबर

पाकटाचा काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम, साधारण ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा. त्याच्या विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात. वेदनेत चटका कळत नाही, म्हणून पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याने हात घालून बघावं. व्हॅनमधल्या गीझरचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. छातीत किंवा पोटात लागलं असेल, किंवा काटा खोल रुतला असेल, तर तो न उपसता रुग्णालयात जा. जेलीफिशचे धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा. चोळलं किंवा गोडं पाणी ओतलं की उरलेले डंख फुटतात. श्वासाला त्रास, उलट्या, सूज चढणं, यापैकी काहीही दिसलं की थांबू नका.

पावसाच्या तोंडावर पुळणीवर डांबराचे गोळे येतात. पायाला लागलेलं डांबर साबणाने जात नाही. दाराबाहेर बसून खोबरेल तेल चोळा, जुन्या फडक्याने पुसा, मग आत या.

पाणी, सांडपाणी आणि मीठ

दोन माणसांना काटकसरीने रोज २० ते २५ लिटर पाणी लागतं, म्हणजे १०० लिटरची टाकी चार दिवस. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं. टाकी भरण्याआधी चाखून बघा, खारट पाणी पंप आणि गीझरची कॉइल खातं. दाराशी दोन बादल्या ठेवा. पहिलीत समुद्राचं पाणी, वाळू उतरवायला. दुसरीत दोन लिटर गोडं, मीठ उतरवायला. एवढ्याने आतली फरशी कोरडी राहते.

भांड्यांचं पाणी पुळणीवर किंवा व्हाळात सोडू नका. कोकणात मोरीचं पाणी माडाच्या आळ्यात जातंच, यजमानाला विचारून तिथेच सोडा, मात्र तेल आधी कागदाने पुसून घ्या आणि ब्लीच वापरू नका. संडासाची कॅसेट (काढून रिकामी करता येणारी मैल्याची टाकी) १७ ते २० लिटरची असते, दोघांना दोन-तीन दिवस पुरते. फॉर्माल्डिहाइड असलेलं रसायन वापरलं असेल तर ते यजमानाच्या सेप्टिक टँकमधले जीवाणू मारतं आणि टाकी तुंबते. म्हणून जैविक पावडरच घ्या.

मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे गाडी कोरडी दिसली तरी लोखंड ओलंच असतं. दर तीन-चार दिवसांनी चॅसी, चाकांच्या कमानी आणि पायरीच्या बिजागऱ्या गोड्या पाण्याने खालून धुवा. जोराचा फवारा जोडणीच्या वायरींवर मारू नका. बॅटरीच्या टोकांना आणि बाहेरच्या सॉकेटला पेट्रोलियम जेली लावा. सोलर पॅनेलवर साचलेला मिठाचा थर सकाळी दवात ओलसर असताना मऊ फडक्याने पुसला की चरे पडत नाहीत. सरकत्या दाराच्या खालच्या खोबणीतली वाळू रोज रंगाच्या ब्रशने काढा. तिथे तेल मात्र घालू नका, तेलात वाळू चिकटून रोलर झिजतो, सुकं सिलिकॉन चालतं. घरी पोहोचल्यावर गादीखालच्या फळ्या आणि पाण्याच्या टाकीमागचा कोपरा उघडून दोन दिवस उन्हात वारा लागू द्या. कोकणातली बुरशी सगळ्यात आधी तिथे धरते.